वाक्यात उपयोग करा

मोहाडीचे डोमा गुरुजी निवृत्त झाले, पुढे बायकोही गेली, आणि त्यांच्या इंग्रजीला विचारणारं कोणी उरलं नाही. म्हणून पुण्याहून नातीचा, रुचिताचा, फोन आला तेव्हा ते खाटेवर ताठ उठून बसले.

"आजोबा, फ्रेल म्हणजे काय?"

"नाजूक, बेटा. लॅटिनमधी मोडण्यासाठी एक शब्द होता. त्याच्यातून फ्रॅजाइल निघाला, आन् तोच फ्रेंच लोकायच्या तोंडात झिजून झिजून फ्रेल झाला. दोघं सख्खे भाऊ. काचेच्या सामानाले फ्रॅजाइल म्हणायचं, थकल्या माणसाले फ्रेल." कितीतरी दिवसांनी गुरुजींचा आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत लागला होता. "समजलं? आता वाक्यात उपयोग कर."

रुचिताने जरा विचार केला. "पप्पा म्हणाले, आजोबा आता फ्रेल झालेत, त्यांना दादाच्या लग्नाला नाही आणायचं."

गुरुजी समोरच्या खुंटीकडे पाहत राहिले. लग्नासाठी शिवलेला नवा सदरा तिथे टांगलेला होता.

"हॅलो, आजोबा? वाक्य चुकलं का?"

"नाही बेटा," गुरुजी म्हणाले, "एकदम बरोबर आहे."