आत्याची चटई

समुद्राखालची केबल तुटल्यापासून बेटावरच्या सगळ्या मेसेजना उपग्रहाची एकच चिंचोळी वाट उरली होती, आणि त्या वाटेवर राखणीला इओपू बसला होता. साधा मजकूर आधी सोडायचा, फोटो अडवून ठेवायचे, हा नियमही त्याचाच. त्याची आत्या मात्र थेट खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "लग्नात द्यायच्या माझ्या चटईचे सगळे फोटो ऑकलंडला गेले का रे?" "आत्या, लाइन तुंबलीय. लोकांचे मेसेज खोळंबतील." "मला लाइन शिकवतोस? तुझ्या बापानं कधी माझा शब्द खाली पडू दिला नाही!" बापाच्या बहिणीला नाही म्हणायला सामोआत कुणाची जीभ रेटत नाही. इओपूनं फोटो सोडले. मागे रांग लागली, आणि त्या रांगेत कोळी फेतूनं बायकोला पाठवलेला मेसेज अडकला: "इंजिन बंद पडलंय, खडकांकडे ओढला जातोय, बोट पाठव." तो तिला मिळाला तेव्हा फेतूची फुटकी, रिकामी होडी किनाऱ्याला लागली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे इओपू फेतूच्या घरासमोर मांडी घालून बसला, अपराध्यानं बसायचं तसा, डोक्यावरून चटई घेऊन. चटई तीच होती. आत्यानं स्वतः आणून त्याच्यावर पांघरली होती. ऊन चढल्यावर फेतूची बायको बाहेर आली. तिनं चटई उचलली, म्हणजे माफ केलं. "ऊठ," ती म्हणाली, "आत ये, कोको घे." इओपूनं तिच्याकडे न बघता चटईची कड पुन्हा तोंडावर ओढून घेतली.