फिल्मचा दोष

"आता श्वास घ्यायचा नाय," काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढत जनू म्हणाला.

"कंपनीत पन हेच सांगतात," रघू म्हणाला, आणि शेजारी बसलेली त्याची बायको सगुणा फिसकन हसली.

"हललीस ताई. परत."

रोह्याला बहिणीच्या अंगणात जनूनं लाकडी पेटीचा मोठा कॅमेरा उभा केला होता. पुढं भिंग, मध्ये बाजाच्या पेटीसारखा भाता, मागं काच. काचेत बहीण आणि भावजी, दोघांची डोकी खाली, पाय वर. जनू पेणच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. तिथं कॉम्प्युटर आला, जुन्या फिल्मचे डबे अडगळीत गेले, आणि त्या फिल्मवर फोटो काढायचं हे खूळ निघालं. तीन महिने त्यानं नुसत्या चुका केल्या. फिल्मवरचं झाकण काढायला विसरला. पेणच्या मूर्तींच्या कारखान्यातले बिनरंगाचे दोन गणपती चुकून एकाच फिल्मवर घेतले. एका धडाला दोन सोंडा आल्या. ओल्या फिल्मला नख लागलं की ओरखडा, हवेचा बुडबुडा बसला की ठिपका.

रघूचा पहिला फोटो काढला तेव्हा त्याच्या कपाळावर, मानेवर ठिपके आले. बुडबुडे, म्हणून जनूनं सोडून दिलं. दुसरा काढला. ठिपके तिथंच. बुडबुडा दोनदा एकाच माणसाच्या कानाखाली बसत नाही. डोळ्यांनी बघावं तर रघूची कातडी साफ. पण या फिल्मला लाल रंग दिसत नाही, लाल असेल तिथं ती कोरी राहते. कातडीखाली जे नुकतं पेटायला लागलंय, माणसाला अजून दिसत नाही, ते ती आधीच डाग करून दाखवते.

रघू रंगाच्या कंपनीत होता. कपड्याला लागला तर जन्मात जाणार नाही, असा रंग. तो बनवणाऱ्याच्या अंगात कुठवर जातो हे विचारणं कुणाचंच काम नव्हतं. ठेकेदार म्हणायचा कंपनीला विचारा, कंपनी म्हणायची माणूस ठेकेदाराचा.

म्हणून आज नवरा-बायको दोघं एका फिल्मवर. पाणी एक, फिल्म धुवायचं औषध एक, हात एक. ठिपके दोघांच्या तोंडावर आले तर दोष जनूचा. आज त्याला स्वतःची चूक हवी होती.

मोरीच्या खिडकीला सगुणाची गोधडी टाचली होती. लाल बल्बखाली तीन पराती. रघूही आत आला, "बघू तरी काय करतोस ते" म्हणत. जनूनं परात मुद्दाम धसमुसळी हलवली. बुडबुडे उठू देत. हवे तेवढे उठू देत.

शेवटच्या परातीतून काढून त्यानं फिल्म बल्बसमोर धरली. सगळं उलट्या रंगात. केस पांढरे, तोंडं काळी. सगुणाचं तोंड सलग काळं, कुठं एक डाग नाही. रघूच्या कानाखालून गळ्यापर्यंत पांढरे ठिपके. मागच्यापेक्षा दाट.

छातीच्या फिल्मवर असले डाग जनू रोज बघायचा. बघून गप्प बसायचा. बोलायचं ते डॉक्टरनं. या मोरीत डॉक्टर नव्हता.

"भावजी, हा माझा दोष नाय. मुंबईला जाऊ. कातडीच्या डॉक्टरला दाखवू."

"सोमवारी कंपनीचा डॉक्टर तपासतोय. पास झालो की कायम."

"तो काय तपासतो?"

"शर्ट पन काढाय लावत नाय," रघू म्हणाला. "केस पिकले ठेकेदाराच्या हजेरीवर. आता कुठं नाव लागतंय, तर तू ही फिलिम घेऊन उभा."

"खाज सुटते का?"

रघूचा हात कॉलरकडं गेला आणि तसाच खाली आला.

बाहेरून कडी वाजली. "झालं का रे? चहाचं पानी झालं."

"आलो गो," रघू ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिनं हे बघितलं तर मला गेटात पाय टाकू देनार नाय. रडून घर डोक्यावर घेईल. मग काय, तू चालवनार घर?"

फिल्मवरून पाणी ठिबकत होतं.

"नख लागलं की डाग पडतो म्हनाला होतास."

"ओली असली तर."

"ही ओली हाय ना?"

"हाय."

"मग तिच्या तोंडावर पन काढ दोन-चार. दोघांना आले म्हंजे फिलिमच वंगाळ. आनि तू काय, शिकाऊच."

रघू चेष्टा करत नव्हता. त्यानं गोधडीची एक पिन उपसली आणि पुढं धरली. गोधडीचा कोपरा सुटला, फटीतून उन्हाची तिरीप आत आली आणि नेमकी त्याच्या मानेवर पडली. मान साफ होती.

जनूनं पिन घेतली. तीन महिने नको तिथं ओरखडे पाडणारा त्याचा हात फिल्मवरच्या बहिणीच्या गालाशी येऊन अडला.

पुन्हा कडी वाजली.

"अरे, मी कशी आल्ये ते तरी सांगा," सगुणा बाहेरून म्हणाली.