महिनाभराची सुई

"विश्वास नाही बसणार तुमचा, सिस्टर, पण काल पोटावरची ही सुईची जागा एवढी सुजली, की सदऱ्याचं बटण उडून थेट शेजाऱ्यांच्या ताकात पडलं!" भिकाजीअण्णांनी तातडीने बोलावून घेतलेल्या सिस्टरना लालभडक डाग दाखवला.

पोटात बसवलेली इन्सुलिनची जुनी सुई होती तेव्हा दर तीन दिवसांनी जागा बदलायला रेश्मा सिस्टर यायच्या, चहाबरोबर एक थाप ऐकून जायच्या. ही नवी बोलकी सुई कातडीची राखण स्वतःच करायची आणि महिनाभर हलायची नाही. अण्णांचं दारही मग महिनाभर वाजायचं नाही.

"पुन्हा तीन दिवसांनीच बदलत जाऊ, काय?" चहाचं आधण चढवत अण्णांनी विचारलं.

सिस्टर वाकल्या. तेवढ्यात पोटावरून सुईच बोलली, "सूज नाही, अण्णा. कुंकू आहे."