उजव्या हाताची बोट

दुसरी किंकाळी आली तेव्हा अनंत सर बोटीच्या पोटाखाली वाकून लाकडी हातोडीने ठोकत होते. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पुन्हा एकदा ठोकलं आणि कान लावला.

चाकणच्या त्या भंगाराच्या यार्डात शिडाच्या दोन जुन्या बोटी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर शेजारीशेजारी उभ्या होत्या. डाव्या हाताची अरुंद, उंच डोलकाठीची. उजव्या हाताची रुंद, पोटात अख्खं घर असलेली. पलीकडे फाटकाजवळच्या केबिनमध्ये सरांचा जावई मिहिर खुर्चीला बांधलेला होता.

"घाई न्हाई सर," बबनराव म्हणाले. यार्ड त्यांचं होतं, आणि आजूबाजूच्या चार गावांत त्यांच्या नावाची दहशत होती. "बारीक बघा. पर खरं सांगा. दोनातली एक जरी चांगली निघाली, तर जावयाला सोडतो. दोन्ही भंगार निघाल्या, तर त्येचंबी भंगारच."

मिहिरने नुसते फोटो दाखवून या दोन्ही बोटी बबनरावांच्या गळ्यात मारल्या होत्या. बबनरावांना आता सगळं सोडून कोकणातल्या खाडीत, बोटीवरच राहायचं होतं. बोटीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. अनंत सर मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांचे वडील होड्या बांधायचे. दिघीच्या शाळेत सरांनी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं, आणि बबनराव त्यांच्याच हाताखालून गेले होते.

"ऐका रे," बबनराव आपल्या माणसांना म्हणाले, "ह्या माणसानं आमाला एक छडी मारली न्हाई कदी. चुकलं की शांतपणे सांगायचे. परत चुकलं की परत सांगायचे."

केबिनचं दार उघडून ज्योतीराम बाहेर आला. नळाखाली त्याने हात धुतले. पाणी लालसर वाहिलं.

"दोन दात गेले, मालक."

"मी सांगितलं व्हतं का दात पाड म्हनून?"

"तुमी म्हनला, तोंड बंद कर."

बबनराव खो खो हसले. "असा हाय आमचा ज्योतीराम. यार्डातली सगळी कापाकापी त्येच्याकडं. नुसतं काम सांगायचं. कारण इचारत न्हाई." ज्योतीराम परत आत गेला.

सर शिडीवरून डाव्या बोटीत चढले. आत वाकूनच वावरावं लागत होतं. झोपायची जागा म्हणजे दोन फळ्या, स्वयंपाकाला एक शेगडी. पण जिथे ठोकावं तिथे खणखणीत आवाज येत होता. मग ते उजव्या बोटीत गेले. ताठ उभं राहता येत होतं. पलंग, ओटा, खिडक्यांना पडदे. डोलकाठीच्या बुडाशी त्यांनी हातोडी मारली. थप्प. ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज. चाकूचं पातं सहज आत गेलं.

खिशातला फोन वाजला. त्यांची मुलगी इरा होती.

"बाबा, दिसला का तो?"

"दिसला."

"मारलंय का त्याला?"

"तुझा हात कसा आहे?"

"प्लास्टर आहे ना, ठणकणारच. सांगितलं ना, मोरीत घसरले." मोरीत घसरण्याची तिची या वर्षातली ही तिसरी वेळ होती. "बाबा, त्याला घरी आणा. आणाल ना?"

"बघतो," सर म्हणाले, आणि खाली उतरले.

"बोला सर."

"डावी ठेव, बबन. आत अडचण होईल, डोक्याला टेंगळं येतील. पण ती वाऱ्याला पळेल आणि वादळात तुला दगा देणार नाही. उजवीत राहायला छान आहे. बघणाऱ्याला वाटेल, काय सुखाचा संसार. पण डोलकाठीचं बूड कुजलंय, तळाचे बोल्ट गंजलेत. जो तिच्यात राहील तो बुडेल."

"दुरुस्ती?"

"वरून रंग लावता येईल. कुजलेलं कुजलेलंच राहतं."

बबनरावांनी उजव्या बोटीच्या पडद्यांकडे एकदा हळहळून पाहिलं. "मग कापतोच ती. आन् एक चांगली निघाली, म्हंजी मी शब्द पाळणार. घेऊन जा जावयाला."

"आजच सोडणार?"

"आत्ताच. तुमच्यासंगं."

"आणि पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाहीस?"

"न्हाई सर. तुमच्याम्होरं बोललो ना. केसालाबी धक्का लावणार न्हाई."

सरांनी केबिनच्या दाराकडे पाहिलं. जेवणाची सुट्टी संपली होती. शेजारच्या कंपनीतला पत्रा ठोकायचा प्रेस सुरू झाला आणि जमीन दणादण हादरू लागली. बबनरावांनी केबिनमध्ये फोन लावला आणि घसा फोडून ओरडले, "ज्योतीराम! एक बोट काप! आरं, बोट, बोट! थांब, सर सांगत्यात." त्यांनी फोन सरांच्या हातात दिला.

सरांनी तो कानाला घट्ट लावला. पलीकडे ग्राइंडर घरघरत होता.

"सर, कोणत्या हाताचं कापू?" ज्योतीरामने विचारलं.

त्याच्यामागून मिहिर किंचाळला, "बाबा! बाबा, माझा हात सोडायला सांगा याला!"

समोर दोन्ही बोटी उन्हात तळपत होत्या.

"उजव्या हाताचं," ते म्हणाले.

बबनरावांनी दणक्यांमधूनही ते ऐकलं आणि लहान मुलासारखी टाळी वाजवली. "हाताचं न्हाई सर, हाताची! ती बोट! तुमीच शिकवलंत आमाला. आज पयल्यांदा चुकलात राव!"

सरांनी फोन बंद करून त्यांच्या हातात दिला.

"चुकलो नाही, बबन."