भुलीआधीचा चहा

पंचशीला सकाळपासून फोनला चिकटून होती. तिच्या सासूबाईंचं, चंपाबाईंचं, मांडीचं हाड मोडलं होतं. नवघरच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये हाडांचे डॉक्टर तयार होते, भूल देणारे मिळत नव्हते. नेहमीचे गावी गेलेले. चंपाबाईंचं हृदय अशक्त, हे ऐकूनच दोघांनी नाही म्हटलं. एक येतो म्हणाले, पण फी वेगळी आणि रोख. विम्यात ते बसत नव्हतं.

शेवटी पूनम सागर भागातले एक डॉक्टर मिळाले. फी हॉस्पिटलच्याच बिलात लावायला तयार झाले. मग विमावाल्यांना पुन्हा फोन. दुपार कलताना मंजुरी आली.

डॉक्टर आले ते दुसऱ्या ऑपरेशनवरून. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. त्यांनी छाती तपासली, रिपोर्ट पाहिले आणि काही खाल्लंय का, असं विचारलं.

चंपाबाईंचे यजमान केरबा उशाशी बसले होते. त्यांनी अभिमानाने सांगितलं, बिस्किटसुद्धा दिलं नाही. फक्त घरून थर्मासमधून आणलेला कपभर चहा, मघाशी.

"दुधाचा?"

"आमच्यात कोरा कोण पितं?"

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गुंडाळून बॅगेत ठेवला. भुलीत पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर जिवावर बेतेल, म्हणाले. आज होणार नाही. संध्याकाळी दुसरीकडे जायचंय. उद्या सकाळी पहिलं यांचंच करू. तोवर पाणीसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

पंचशीला स्टुलावर बसली. सासऱ्यांना म्हणाली, "मामा, सिस्टर सांगून गेल्या होत्या ना?"

सिस्टरनी खायचं नाही म्हणून सांगितलं होतं. चहाला केरबांनी जन्मात खाणं म्हटलं नव्हतं.

"त्यांना बोलू नको," चंपाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मीच मागितला. भूल उतरलीच नाही तर? म्हटलं, ह्यांच्या हातचा एकदा पिऊन घ्यावा."

डॉक्टर दारापर्यंत गेले, थांबले.

"बाबा, उद्या पण आणा चहा. त्या शुद्धीवर आल्या की मी सांगेन कधी द्यायचा."

ते गेल्यावर केरबा उठले. थर्मास बेसिनवर विसळला आणि खिडकीत पालथा घातला.