तोंड उघडं ठेवा

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या काकू दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत पुरत्या अडकल्या होत्या. जबडा ताणलेला, गालात कापसाचे बोळे, डोळ्यांवर दिवा. डॉक्टरीणबाईंच्या तोंडाला मात्र जराही उसंत नव्हती.

"काकू, आवडता रंग कुठला हो तुमचा?"

"आं... आं."

"लाल ना? वाटलंच मला! आणि शाळेत कधी मार खाल्लात की नाही?"

"आंऽऽ!"

काकूंचा जीव नुसता कासावीस झाला. रंग लाल नव्हता, जांभळा होता. आणि मार? दप्तरातून मांजराचं पिल्लू वर्गात नेलं होतं, त्या छड्या अख्ख्या गोष्टीसकट ओठांवर आल्या होत्या. पण ओठच ताब्यात नव्हते.

शेवटी बोळे निघाले, तशा काकू सुटल्याच. जांभळा रंग, पिल्लू, छड्या, बाईंच्या टेबलाखालून आलेलं 'म्यॅंव', सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई हातमोजे काढायचं विसरून हसत राहिल्या.

"चला, सुटलात एकदाच्या! आता परत यायला नको."

मुलाने दारातून डोकावून विचारलं, "झालं का गं आई? चल." घरी त्याचे प्रश्न ठरलेले असत: जेवलीस का आणि गोळी घेतलीस का.



काकू पुन्हा खुर्चीत टेकल्या आणि एका धडधाकट दाढेवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही पण दुखतेय हो... थोडी."