मागच्या खोलीतली रेंज

वायफायवाला फोन समोर धरून घरभर हिंडला. पुढच्या खोलीत रेंज भरपूर, स्वयंपाकघरात बरी, आणि मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर एकदम मान टाकलेली.

"काकू, मधल्या भिंतीला हे एवढं लोखंडी कपाट! सिग्नल बिचारा जाणार कुठून?"

"मीच सरकवलंय ते," काकू म्हणाल्या. "असू दे. आमचं भागतंय."

"तुमचं भागतंय हो. तुमच्या लेकाने तिकडून फोन करकरून आमचं ऑफिस डोक्यावर घेतलंय. बाबा बोलायला लागले की नेमकं चित्र अडकतं म्हणतो."

काकूंनी मागच्या खोलीकडे पाहिलं. पलंगावर काका बसले होते. मांडीवरच्या पंच्याची घडी घालत, मोडत, पुन्हा घालत.

"त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत रे दादा," काकू हळूच म्हणाल्या. "मलासुद्धा कधी वहिनी म्हणतात, कधी नर्सबाई. चित्र अडकलं की मी पोराला सांगते, बाबा हसले बघ, जेवलास का विचारतायत. तेवढ्यावर त्याचा दिवस जातो. खोटं बोलते, देव बघतोय. त्याच्याशी माझं मी बघून घेईन. तू फक्त ती रेंज वाढवायची डबी बसवू नकोस."

वायफायवाल्याने हातातली पांढरी डबी उलटीसुलटी केली. "काकू, त्यांनी मागवलीय. बसवून, फोन लावून दाखवल्याशिवाय मला निघता येत नाही. माझ्याही पोटाचा प्रश्न आहे."

त्याने खाली मान घालून डबी मागच्या खोलीतल्या प्लगात बसवली. हिरवा दिवा लागला, आणि लगेच काकूंचा फोन वाजला. मुलगा तिकडे वाटच बघत असावा.

काकूंनी काकांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"बाबा! अहो, काय स्वच्छ दिसताय! दाढी कुणी केली एवढी गुळगुळीत? आईने ना?"

काका फोनकडे बघत राहिले. मग खरोखरच हसले, तोंड भरून.

"या, या. बसा ना," काका अदबीने म्हणाले. "मुलगा येईलच एवढ्यात शाळेतून. त्याच्याकडेच काम होतं का आपलं?"

फोनमधला चेहरा जागच्या जागी थांबला. डोळे उघडे, ओठ अर्धवट.

"अडकलं वाटतं," म्हणत वायफायवाला डबीकडे वाकला आणि तसाच राहिला. चित्रात, मुलाच्या पाठीमागे, खिडकीचा पडदा वाऱ्याने संथ हलत होता.